मांडीत रॉड टाकलाय, गुडघा वाकत नाहीये – व्यायाम किती, कसा आणि कधी?

दादा, तुम्ही जे लिहिलंय ते मला जसं समजलं तसं आधी सांगते. खंबाटकीच्या उतारावर गाडी डिव्हायडरला धडकली, उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत रॉड टाकला, आता दोन महिने होत आलेत. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालता. गुडघा साधारण ६५ अंशांपर्यंत वाकतो (पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य), पुढे गच्च अडकतो. मान अधूनमधून दुखते. घरचे म्हणतात हाड जुळेपर्यंत गप पडून राहा, आणि गावाकडच्या एका मालिशवाल्याने सांगितलंय की दोन दिवसांत जोर लावून वाकवून देतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गाडी परत कधी चालवता येईल हेही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं जास्त करून अपघाताचेच पेशंट बघतेय. तुम्हाला तपासलेलं नाही आणि एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे वजन किती द्यायचं हे तुमचे सर्जनच ठरवणार, त्यात मी पडत नाही. बाकीचं मोकळेपणाने सांगते.

सगळ्यात आधी ते मालिशवाल्याचं. अजिबात नको. यात मी एरवीसारखं "तुमची इच्छा" वगैरे म्हणणार नाही. दोन महिन्यांचं हाड म्हणजे अजून कच्चं हाड, आत रॉड आहे म्हणून उभं आहे. अशा वेळी कुणी मांडीवर बसून गुडघा झटक्यात वाकवला तर वाटीचं हाड मोडू शकतं, वाटीजवळची, स्नायू हाडाला जोडणारी दोरी म्हणजे टेंडन तुटू शकते, नाहीतर दुखावलेल्या स्नायूत नवीन हाड तयार व्हायला लागतं, त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, आणि ते झालं की आज ६५ ला अडकलेला गुडघा उद्या ४० ला अडकतो. खोबरेल तेल लावून हलक्या हाताने कातडीवरून, ऑपरेशनच्या खुणेवरून बोटं फिरवणं वेगळं, ते वहिनींनी केलं तरी चालेल, टाके पूर्ण सुकलेले असले म्हणजे झालं. जोर मात्र नको.

आणि घरच्यांचं "गप पडून राहा" हेही तितकंच चुकीचं, फक्त ते प्रेमापोटी असतं म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही. मांडीचं हाड मोडतं तेव्हा त्याची टोकं आजूबाजूच्या स्नायूत घुसतात, रक्त साकळतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा सगळ्यात आतला थर हाडाला लागूनच असतो, तो तिथे हाडाला चिकटायला लागतो. गुडघा वाकवायचा तर हा स्नायू हाडावरून सरकून लांब व्हायला हवा, तो सरकत नाही म्हणून गुडघा वाकत नाही. म्हणजे बऱ्याचदा गुडघ्याच्या सांध्यात काही बिघडलेलं नसतंच, अडचण वर मांडीत असते. ही चिकट पहिल्या काही महिन्यांत ओली असते, ताणली तर सुटते, नंतर सुकून घट्ट होते. म्हणून पडून राहायचा प्रत्येक आठवडा महाग पडतो.

आता मुद्द्याचं. गुडघा एका बैठकीत जोर लावून सुटत नाही, दिवसभरात पुष्कळदा थोडं थोडं ताणून सुटतो. संध्याकाळी एक तास फिजिओ येऊन जातो आणि बाकीचे २३ तास पाय उशीवर, याने काही होत नाही, मी असे कितीतरी पेशंट बघितलेत जे म्हणतात "मॅडम रोज फिजिओ घेतला", आणि विचारलं काय केलं तर करंट लावला, शेक दिला, लाइट लावला. दुखणं थोडं कमी व्हायला त्याचा उपयोग होईल, पण करंटने गुडघा वाकत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा चांगल्या माणसाकडे जा, तो मोजेल, शिकवेल, चूक दुरुस्त करेल, आणि रोज घरी तुम्ही स्वतः पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं करा. पैसेही वाचतात.

वाकवण्याआधी मात्र गुडघा पूर्ण सरळ होतोय का ते बघा. हे सगळे विसरतात. पलंगावर झोपून पाय सैल सोडा, गुडघ्याच्या मागे हात सरकतो का? दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकत असेल तर गुडघा थोडा वाकलेलाच राहतोय, आणि याचं कारण बऱ्याचदा गुडघ्याखाली ठेवलेली ती उशी असते. बरं वाटतं म्हणून ठेवतात, आणि मग माणूस कायमचा किंचित वाकलेल्या पायाने लंगडतो. उशी काढा. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा आणि गुडघा आपल्या वजनाने खाली पडू दे, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. त्याच स्थितीत गुडघा पलंगात दाबायचा, मांडी कडक करायची, ५ ते १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सुरुवातीला मांडी कडकच होत नाही, मेंदूचं आणि तिचं बोलणं बंद झाल्यासारखं वाटतं, तर आधी चांगल्या पायाने करून बघा आणि मग लगेच दुखऱ्या. हे जमायला लागलं की पाय सरळ ठेवून उचला. उचलताना गुडघा खाली लोंबत असेल तर ती उचल मोजू नका, अजून दाबण्याचाच व्यायाम करा.

वाकवायला तीन गोष्टी. पहिली, पाठीवर झोपून टाच पार्श्वभागाकडे सरकवणं. चादरीवर टाच अडकते, म्हणून पलंगावर एक गुळगुळीत फळी किंवा जुना कॅरम बोर्ड ठेवा, वर चिमूटभर कॅरमची पावडर, पायात मोजा. झरझर सरकतो. जिथे अडकतो तिथे टॉवेल किंवा ओढणी तळपायाला अडकवून हाताने थोडं अजून ओढा आणि तिथेच २० ते ३० सेकंद थांबा. झटके द्यायचे नाहीत, थांबायचं, कारण स्नायू सैल पडायला वेळ घेतो आणि झटक्याला तो उलट आवळतो. दुसरी, पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय खाली लोंबू द्या आणि चांगल्या पायाची घडी त्याच्या पुढून घालून मागे दाबा. माझ्या मते घरी करायचा हा सगळ्यात चांगला व्यायाम, कारण जोर किती लावायचा ते तुमच्याच दुसऱ्या पायाच्या हातात असतं, भीती वाटत नाही. तिसरी, पालथं झोपून टाच मागे ओढणं, ही सगळ्यात अवघड, आणि मांडीचा पुढचा स्नायू कुल्ह्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्यात जास्त यातच ताणला जातो. दोन महिन्यांनी बहुतेकांना चालते, पण पालथं झोपायची परवानगी सर्जनकडून घ्या. आधी दहा मिनिटं मांडीला गरम शेक, नंतर सूज वाटली तर टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. जिथे कातडी अजून बधिर आहे तिथे शेक आणि बर्फ दोन्ही जपून, भाजलेलं कळत नाही.

"दुखलं तर थांबायचं का?" हा तुम्ही दोनदा विचारलेला प्रश्न. नाही, पण त्यालाही माप आहे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही असं धरलं तर व्यायाम करताना चार-पाचपर्यंत दुखणं चालेल, ताणल्यासारखं, ओढल्यासारखं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी उठल्यावर दुखणं आणि सूज कालच्या सकाळइतकीच असेल तर कालचा डोस बरोबर होता, थोडा वाढवा. गुडघा फुगलाय, रात्री झोप लागली नाही, कालच्यापेक्षा कमी वाकतोय, तर काल जास्त झालं, आज निम्मं करा, बंद मात्र करू नका. पेशंट नेमकं उलटं करतात, एक दिवस जोशात दोन तास आणि मग तीन दिवस पाय धरून बसून.

प्रगती डोळ्यांनी कळत नाही, मोजावी लागते. पलंगाच्या कडेला बसून गुडघा जास्तीत जास्त वाकवा आणि बाजूने फोटो काढा, दर रविवारी, त्याच जागी. नाहीतर टाच सरकवून टाच आणि पार्श्वभाग यातलं अंतर टेपने मोजा. आठवड्याला पाच अंश वाढले तरी मी खूश असते. साधं चालायला गुडघा साधारण ६०-६५ अंश वाकावा लागतो, म्हणजे तुमचं चालण्यापुरतं झालेलंच आहे. जिने नीट एकाआड एक पायाने चढायला-उतरायला ९०च्या आसपास, खुर्चीतून हात न टेकता उठायला ९०-१००, सायकलचं पॅडल पूर्ण फिरवायला १०५-११०, आणि मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३०च्या वर. म्हणजे भारतीय संडास हा शेवटचा मुक्काम आहे, सध्या मेडिकलच्या दुकानात जी कमोडची खुर्ची मिळते ती संडासाच्या भांड्यावर ठेवा, भिंतीला एक दांडा ठोकून घ्या आणि लाजू नका. ओल्या लादीवर पाय घसरून दुसऱ्यांदा मोडलेले पेशंट येतात, त्यांचं जास्त वाईट वाटतं.

जिमची सायकल ८५-९०ला पोचल्यावर सुरू करा, सीट उंच ठेवून, पूर्ण फेरा न मारता नुसतं पुढे-मागे. एक दिवस आपोआप फेरा पूर्ण होतो.

तीन महिन्यांनी, नीट व्यायाम करूनही ९० अंशांच्या आतच अडकलेलं असेल तर सर्जनशी बोला, अजून वाट बघू नका. भूल देऊन गुडघा सोडवतात किंवा चिकटलेला स्नायू ऑपरेशनने मोकळा करतात. दोन्हीच्या आधी हाड पुरेसं जुळलेलं लागतं आणि दोन्हीनंतर परत हेच व्यायाम करावे लागतात, त्यामुळे कष्ट चुकवायचा तो रस्ता नाही.

आता जे कुणीच सांगत नाही ते. तुमची ऑपरेशनची मोठी खूण कुल्ह्याच्या बाजूला आहे असं लिहिलंय, म्हणजे रॉड वरून टाकलाय. तो टाकताना कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंतून वाट काढतात, आणि हे स्नायू एका पायावर उभं असताना कंबर सरळ धरतात. ते कमजोर राहिले की माणूस चालताना दुखऱ्या बाजूला झुलतो. गुडघा १२० वाकला, हाड जुळलं, सगळं छान, तरी वर्षभराने लोक विचारतात "अजून लंगडतोस का रे?" – ती लंगड गुडघ्याची नसते, कुल्ह्याची असते. म्हणून चांगल्या कुशीवर झोपून वरचा दुखरा पाय सरळ उचलणं, किंचित मागे ठेवून, दहा-दहाच्या तीन खेपा. ते जड जात असेल तर आधी गुडघे वाकवून टाचा जुळवून वरचा गुडघा उघडणं. पुढे, सर्जनने पूर्ण वजन द्यायला सांगितल्यावर, स्वयंपाकघरात ओट्याला हात लावून दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहणं, कंबर न पडता ३० सेकंद. पाय पुढे-मागे उचलण्यापेक्षा याच्यावर जास्त वेळ घालवा, पुढचं सगळं चालणं यावर आहे.

वजन द्यायचं म्हणजे नेमकं किती, हे डॉक्टर "थोडं थोडं द्या" म्हणून सोडून देतात आणि पेशंट बिचारा बोटं टेकवत फिरतो. स्पष्ट विचारा, नुसता टेकवायचा, अर्धं, की झेपेल तेवढं. मधोमध मोडलेल्या मांडीला रॉड टाकल्यावर बऱ्याचदा लवकरच झेपेल तेवढं वजन द्यायला सांगतात, आणि वजन दिल्याने हाड जुळायला मदतच होते, पण किती तुकडे झाले होते त्यावर हे बदलतं. अर्धं सांगितलं असेल तर घरचा वजनकाटा काढा, दुखरा पाय काट्यावर आणि चांगला तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, वॉकर धरून हळूहळू भार द्या आणि आकडा बघत राहा. चार-पाच वेळा केलं की पायाला अंदाज येतो. वॉकर सुटला की काठी चांगल्या बाजूच्या हातात, म्हणजे तुमच्या डाव्या, उजव्या नाही. सगळे दुखऱ्या बाजूला धरतात, सिनेमातही तसंच दाखवतात. आणि काठी सोडायची घाई नको, काठीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं बरं, कारण लंगडायची सवय लागली की ती मोडायला परत महिने जातात. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. ऑफिसचा दुसरा मजला याच पद्धतीने कठडा धरून जमेल, घाई असेल त्या दिवशी नका जाऊ, आणि पहिले काही दिवस घरून काम मिळतंय का बघा.

मान. अपघातात डोकं पुढे-मागे झटकलं जातं, त्याने मानेचे स्नायू आणि लिगामेंट म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे दुखावतात, बहुतेकांचं हे दोन-तीन महिन्यांत बरंच कमी होतं. पट्टा लावून फिरत असाल तर डॉक्टरांना विचारून तो काढा, मान त्याने अजून आखडते आणि कमजोर होते. हळूहळू उजवीकडे-डावीकडे वळवणं, हनुवटी सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरणं, खांदे मागे, एवढं दिवसातून तीन-चारदा. मोबाइल डोळ्यांसमोर धरा, पडल्या पडल्या तीन तास रील बघणारी मान कुठल्याच व्यायामाने बरी होत नाही. हाताला मुंग्या, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं, असं काही असेल तर मात्र व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

तशीच पायाची काही लक्षणं सांगते, यात वाट बघायची नाही. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तिला चोळू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी. खुणेतून पाणी येणं, ताप. वजन देताना जांघेत कळ, कारण मांडीचं हाड मधे मोडतं तेव्हा कधीकधी वर कुल्ह्याजवळ, त्याच हाडाच्या मानेलाही बारीक तडा असतो आणि तो पहिल्या दिवसाच्या गडबडीत दिसत नाही. आणि जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा वाटला तर लिगामेंट तपासून घ्या, डॅशबोर्डवर गुडघा आपटलेल्यांमध्ये मागचं लिगामेंट दुखावलेलं असतं आणि मांडीच्या दुखण्यात ते झाकलं जातं.

खाण्याचं म्हणाल तर घरात भात, दही, आंबट सगळं बंद केलं असेल, पू होतो म्हणून. होत नाही, खा. पाया सूप आवडत असेल तर प्या, पण तेवढ्यावर हाड जुळत नाही, प्रथिनं लागतात, तुमच्या ७० किलोला रोज ८०-९० ग्रॅमच्या आसपास, किडनीचा त्रास नसेल तर. दोन-तीन अंडी, वाटीभर घट्ट वरण, मटकी-चवळीची उसळ, दही, पनीर किंवा चिकन-मासे असं दिवसभरात वाटून घेतलं की बरंच भरतं. ड जीवनसत्त्व आणि शुगर तपासून घ्या. आणि तंबाखू. तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते, सिगारेट, गुटखा, मिश्री काहीही असेल तर बंद, यात माझी अजिबात तडजोड नाही, निकोटीनने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड न जुळता शेवटी रॉड तुटलेले एक्स-रे मी पाहिलेत.

गाडी. उजवा पाय आहे, म्हणजे ब्रेकचा पाय, त्यामुळे "ऑटोमॅटिक घेतो" हा उपाय तुम्हाला लागू नाही, तो डाव्या पायवाल्यांसाठी. पूर्ण वजन द्यायला लागल्यावरही ब्रेक पूर्वीसारखा पटकन दाबता यायला साधारण दीड महिना जातो. तोपर्यंत नको, गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नकोच. नंतर बंद गाडीत बसून आधी सराव करा, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर जोरात, वीस-तीस वेळा, दुखून पाय मागे खेचला जात असेल तर अजून वेळ आहे. घाटात बसल्यावर छाती धडधडते असंही लिहिलंय, त्यात भित्रेपणा काही नाही, एवढ्या मोठ्या अपघातानंतर होतं. आधी बाजूच्या सीटवर बसून गल्लीत, मग गावात, मग हायवेला असं वाढवा. झोपेत अपघात दिसणं, दचकून उठणं अजून चालू असेल तर समुपदेशकाकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

अपघाताचा क्लेम टाकणार असाल तर फिजिओचीही पावती प्रत्येक वेळी घ्या, तारीख, सही, शिक्क्यासकट, कमोडच्या खुर्चीचं आणि वॉकरचं बिलसुद्धा ठेवा. लोक हॉस्पिटलची फाइल जपतात आणि हे टाकून देतात.

पुढच्या आठवड्यात एक्स-रे आहे म्हणालात, तेव्हा सर्जनना एवढं कागदावर लिहून नेऊन विचारा: एक्स-रेत दिसणाऱ्या चार बाजूंपैकी किती बाजूंनी हाड जुळताना दिसतंय, वजन आता नेमकं किती, पालथं झोपून गुडघा वाकवू का, आणि रॉड पक्का धरणारे गुडघ्याजवळचे स्क्रू बाहेर टोचतायत का. हा शेवटचा प्रश्न यासाठी की वाकवताना बाहेरच्या बाजूला एकाच ठिकाणी टोचल्यासारखं होतं असं तुम्ही लिहिलंय, ते चिकटण्याचं दुखणं वाटत नाही, स्क्रूच्या डोक्यावरून मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा घासत असावा. तसं असेल तर ताण देताना पाय किंचित आत-बाहेर वळवून बघा, टोचणं कमी होतं त्या कोनात व्यायाम करा.